टेक्सासच्या शालेय व्हॉलीबॉलची बाद फेरी: मुलींच्या संघामागे कसे उभे राहावे

ऑगस्टमध्ये सुरू झालेला हायस्कूल मुलींच्या व्हॉलीबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस बाद फेरीच्या दाराशी येतो आणि नेमका तोच काळ आपल्या घरांत फराळाचा, पाहुण्यांचा आणि मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमींचा असतो. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले, म्हणजे ऐन बाद फेरीच्या धामधुमीत. माझी मुलगी डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात शाळेकडून चार हंगाम खेळली. पहिल्या हंगामात आई म्हणून मी बरेच काही चुकले आणि पुढच्या तीन हंगामांत इतर पालकांकडून, प्रशिक्षकांकडून आणि मुख्यतः त्या मुलींकडून शिकत गेले. ज्या मराठी कुटुंबांची मुलगी यंदा पहिल्यांदा या फेरीत उतरणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी स्पर्धेची रचना समजून घ्यावी. टेक्सासमधील सरकारी शाळांच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली यूआयएल, ही संस्था घेते. विद्यार्थिसंख्येनुसार शाळांची १ए ते ६ए अशी वर्गवारी असते, जवळपासच्या शाळा मिळून एक डिस्ट्रिक्ट होतो आणि मोठ्या शाळांच्या गटांत प्रत्येक डिस्ट्रिक्टमधील पहिले ४ संघ बाद फेरीत जातात. पहिली फेरी बाय-डिस्ट्रिक्ट, दुसरी एरिया, त्यानंतर रीजनच्या, म्हणजे अनेक डिस्ट्रिक्ट मिळून होणाऱ्या विभागाच्या, फेऱ्या आणि शेवटी राज्य अजिंक्यपदाचे सामने, जे अनेक वर्षे डॅलसजवळच्या गार्लंडमधील कर्टिस कलवेल सेंटर येथे होत आले आहेत. एक सामना हरला की हंगाम तिथेच संपतो, त्यामुळे पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक आज कोणालाच सांगता येत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत सामन्याची जागा दोन्ही संघांचे प्रशिक्षक आपसांत ठरवतात, बहुधा दोघांनाही मधली पडेल अशी तिसऱ्याच शाळेची जिम निवडतात, आणि ती एक-दोन दिवस आधीच कळते. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतील संध्याकाळी शक्य तितक्या मोकळ्या ठेवाव्यात, मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवावे आणि फराळ ऑक्टोबरच्या मध्यालाच करून डब्यांत भरावा.

संघाला द्यायचा पहिला आधार मात्र घरच्या अभ्यासाच्या टेबलावर द्यावा लागतो. टेक्सासमध्ये १९८४च्या शिक्षण कायद्यापासून ‘नो पास, नो प्ले’ हा नियम लागू आहे; ग्रेडिंगचा टप्पा संपताना एखाद्या विषयात ७०पेक्षा कमी गुण पडले, तर खेळाडूला किमान ३ आठवडे सामने खेळता येत नाहीत. ऑक्टोबरमध्ये संपणाऱ्या टप्प्याचा फटका थेट बाद फेरीला बसतो. काही वरच्या पातळीच्या विषयांना सूट असते, पण ती गृहीत न धरता शाळेत विचारून घ्यावे. लांबच्या सामन्याहून मुलगी रात्री अकरा वाजता घरी येते आणि सकाळी तिची रसायनशास्त्राची परीक्षा असते, अशा वेळी रविवारीच आठवड्याचा अभ्यास तिच्यासोबत बसून आखणे हे गॅलरीतल्या शंभर आरोळ्यांपेक्षा मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

सामन्याला निघण्यापूर्वी तिकिटाचे पाहावे. अनेक ठिकाणी दारावर रोख पैसे घेत नाहीत आणि तिकीट फोनवरूनच काढावे लागते. आजी-आजोबा वेगळ्या गाडीने येणार असतील, तर त्यांची तिकिटे त्यांच्या फोनवर आधीच पाठवून ठेवावीत. अनेक जिममध्ये पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात. संघासाठी खाऊ न्यायचा असेल, तर आधी प्रशिक्षकांना किंवा बूस्टर क्लबला, म्हणजे संघाला मदत करणाऱ्या पालकांच्या गटाला, विचारावे, कारण खेळाडूंनी बाहेरच्यांकडून काय घ्यावे यावर यूआयएलचे हौशी खेळाडूंविषयीचे नियम लागू होतात, शिवाय एखाद्या मुलीला शेंगदाण्याची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असू शकते. आपल्या मुलीसाठी मात्र सामन्याच्या दोन-तीन तास आधी नेहमीचेच, हलके जेवण ठेवावे. दहीभात चालतो, त्या दिवशी नवे काही करून पाहू नये.

आता गॅलरीविषयी, ज्याबद्दल मला सर्वांत अधिक सांगायचे आहे. आपल्यापैकी अनेकजण महाराष्ट्रातल्या शाळेच्या मैदानावर १५ गुणांच्या सेटचे, आपली सर्व्हिस असेल तरच गुण मिळण्याचे व्हॉलीबॉल खेळून मोठे झालो. आंतरराष्ट्रीय नियमांत ती पद्धत १९९८ साली बदलली. इथे ५ सेटचा सामना असतो, पहिले ४ सेट २५ गुणांचे आणि पाचवा १५ गुणांचा, दोन गुणांची आघाडी आवश्यक, आणि प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू थांबेपर्यंतच्या खेळाला, कोणाला ना कोणाला गुण मिळतोच. त्यामुळे सलग पाच-सहा गुण पाहता पाहता जातात आणि नेमक्या त्याच वेळी गॅलरी शांत होते. प्रत्येक सेटमध्ये प्रशिक्षकांकडे ६० सेकंदांचे दोनच टाइम-आउट असतात, आणि आपला संघ मागे पडत असताना ते घेतले जातात. मुली बाकाकडे येत असताना उभे राहून टाळ्या वाजवाव्यात आणि त्या मैदानात परतेपर्यंत थांबू नये. जिंकत असताना कोणीही ओरडते. त्या साठ सेकंदांत मात्र मुलींना आपण खरोखर हवे असतो.

टाळी कशाला वाजवावी, हेही शिकावे लागते. स्मॅशला सगळेच दाद देतात. पण समोरून आलेली जोरदार सर्व्हिस एका मुलीने दोन्ही हात जोडून, गुडघे वाकवून अशी उचलली की चेंडू सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उंचावून देणाऱ्या मुलीच्या, डोक्यावर अलगद आला, तर तो स्मॅश तिथेच अर्धा झालेला असतो. वेगळ्या रंगाची जर्सी घालणारी लिबेरो, म्हणजे केवळ बचावासाठी खेळणारी मुलगी, हे काम सामनाभर करते आणि तिचे नाव स्कोअरबोर्डवर कधीच झळकत नाही. तिच्यासाठी पहिली टाळी आपण वाजवावी. हळूहळू शेजारचे वाजवू लागतात. बाकाजवळ उभ्या असलेल्या, सामन्यात कदाचित उतरणारही नाहीत अशा मुलींचे पालकही याच गॅलरीत बसलेले असतात, हे ध्यानात ठेवावे आणि बदली खेळाडू आत जाताना तिचे नाव घेऊन स्वागत करावे.

सूचना मात्र देऊ नयेत. पंचांनी शिट्टी वाजवल्यावर सर्व्हिस करणाऱ्या मुलीकडे केवळ ५ सेकंद असतात. पहिल्या वर्षीच्या बाय-डिस्ट्रिक्ट सामन्यात, चौथ्या सेटमध्ये २३-२३ असताना, माझी मुलगी सर्व्हिसला उभी होती. तिने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, तिसऱ्यांदा आपटायला हात खाली नेला आणि मी तिसऱ्या रांगेतून ओरडले, “सावकाश मार गं!” सगळ्या जिममध्ये मराठी कळणारी ती एकटीच होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, चेंडू घाईने वर फेकला आणि तो जाळीत गेला. परतताना गाडीत ती एवढेच म्हणाली, “आई, बाकी सगळा गोंगाट असतो, तुझा आवाज मात्र शब्दासकट ऐकू येतो.” त्यानंतर मी नियम केला की सर्व्हिसच्या वेळी ओठ बंद ठेवायचे आणि तिचे नाव घ्यायचे ते गुण संपल्यावरच, मग तो मिळालेला असो वा गेलेला. हा नियम प्रत्येक मराठी पालकाने पाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण आपली भाषा ही इथे थेट तिच्या कानापर्यंत जाणारी वाट आहे.

पंचांच्या निर्णयावरही वाद घालू नये. २०२५-२६च्या हंगामापासून राष्ट्रीय शालेय नियमांत एक मोठा बदल झाला आहे: संघाच्या दुसऱ्या स्पर्शात चेंडू एकाच खेळाडूच्या हाताला लागोपाठ दोनदा लागला, तरी तो पुढे आपल्याच बाजूच्या खेळाडूकडे जात असेल तर चूक धरत नाहीत. जुन्या सवयीने “डबल! डबल!” असे ओरडणारे पालक अजूनही दिसतात आणि त्यांच्या मुली मान खाली घालतात.

आवाज कशाने करावा, हा प्रश्न आपल्याकडच्या उत्साही मंडळींना हमखास पडतो. यूआयएलच्या बंदिस्त जागेतील सामन्यांत भोंगे, घंटा, शिट्ट्या यांसारख्या साधनांना मनाई असते, तेव्हा ढोल, ताशा आणि झांजा घरीच ठेवाव्यात. हात पुरेसे आहेत. आरतीला पन्नास माणसे एका ठेक्यात टाळ्या वाजवू शकतात, तर तीच लय इथेही धरता येते. आमच्या गॅलरीत दोन आज्यांनी धरलेला ठेका शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांनी उचलून नेला होता. घोषणा देण्याचे काम मात्र स्टुडंट सेक्शनचे, म्हणजे गॅलरीत एकत्र बसणाऱ्या शाळेच्या विद्यार्थ्यांचे आहे. त्यांनी त्या दिवसासाठी ठरवलेला रंग विचारून घेऊन घरच्या सर्वांनी तो घालावा. समोरच्या संघातील मुलीचे नाव घेऊन चिडवण्याचा प्रकार कोणी सुरू केला, तर त्यात आपला आवाज मिसळू नये. तीही सोळा-सतरा वर्षांची कोणाची तरी लेक असते.

शेवटी पराभवाच्या संध्याकाळची तयारी करावी, कारण गटातला अजिंक्य संघ सोडला तर प्रत्येक संघाचा हंगाम हरूनच संपतो. बारावीच्या मुलींसाठी तो शाळेच्या जर्सीतला अखेरचा सामना असतो. मुली लॉकर रूममधून बाहेर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ जिमच्या दाराशी सर्व पालकांनी थांबावे आणि फक्त आपलीच नव्हे, तर प्रत्येक मुलगी बाहेर येताना टाळ्या वाजवाव्यात. गाडीत सामन्याचा विषय आपण काढू नये. एक पांघरूण, पाणी आणि बेसनाच्या लाडवांचा डबा मागच्या सीटवर ठेवावा. जर्सी शाळेची असते आणि ती धुऊन परत करावी लागते, पण धुवायला टाकण्यापूर्वी मुलीला विचारावे. माझ्या मुलीने ती दोन दिवस खुर्चीच्या पाठीवर तशीच ठेवली होती आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने धुतली.