पहिल्यांदाच पब्लिक गोल्फ कोर्सवर जाताय? आधी ही तयारी करा

यादीत सगळ्यात वर फोन, सामान नंतर. कोर्सवर फोन करून टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्या आणि त्याच वेळी विचारून ठेवा: नुसते नऊ होल खेळता येतात का, क्लबचा (बॉल मारायच्या काठ्यांचा) सेट भाड्याने मिळतो का, चालत खेळायला परवानगी आहे का, कपड्यांचे नियम काय आहेत. डावखुरे असाल तर ते आवर्जून सांगा, कारण डावखुरे सेट मोजकेच ठेवलेले असतात. आणि ‘आम्ही नवीन आहोत’ हे सांगायला अजिबात संकोचू नका. तेवढं कळलं की कमी गर्दीची वेळ सुचवणारी माणसं भेटतात.

पहिल्या खेपेला नऊ होल पुरेत. 18 होलांना चार-साडेचार तास लागतात, आणि नवख्या हातांना शेवटचे पाच-सहा होल जड जातात.

नियमाप्रमाणे बॅगेत 14 क्लब नेता येतात, पण सुरुवातीला इतक्यांचं काम नसतं. एक हायब्रिड, 7 आणि 9 नंबरचं आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढे घ्या. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घरी राहिला तरी बिघडत नाही. रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) बॉल शोधण्याचा निम्मा वेळ त्यानेच वाचेल. दोघांत एकच बॅग वापरायचा विचार असेल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाची बॅग वेगळी लागते. बॉल मात्र डझनभर हवेत, जुने चालतील. प्रत्येकावर मार्करने स्वतःची खूण करून ठेवा. मूठभर टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या), ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) बॉलची जागा दाखवायला एक नाणं, पिच मार्क (बॉल पडून ग्रीनवर झालेला खळगा) दुरुस्त करायचा छोटा काटा, ग्लोव्ह (उजव्या हाताने खेळणाऱ्यांना डाव्या हाताचा), टॉवेल, टोपी, पाणी. कॉलरचा शर्ट बहुतेक सगळीकडे चालतो. पायात सॉफ्ट स्पाइकचे किंवा चांगल्या पकडीचे साधे स्पोर्ट्स शूज.

आदल्या आठवड्यात रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) जाता आलं तर उत्तमच, पण त्याहून जास्त वेळ पटिंगला (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलण्याला) द्या. पार, म्हणजे अपेक्षित फटके, ठरवताना प्रत्येक होलला ग्रीनवरचे दोन फटके (पट) धरलेले असतात. म्हणजे 72 पारच्या कोर्सवर 36 फटके निव्वळ ग्रीनवरचे. होलचा व्यास 108 मिलिमीटर, आणि सरावाला घरातला गालिचाही चालतो. त्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा आणि प्रॅक्टिस ग्रीनवर लांब पटचा अंदाज घ्या, कारण गालिचाचा वेग आणि ग्रीनचा वेग यात फार फरक असतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी तयारी, जी बॅगेत भरता येत नाही: वेग. वाईट खेळणाऱ्याचा राग सहसा कुणी धरत नाही, रेंगाळणाऱ्याचा धरतात. माझ्या पहिल्या फेरीत एका बॉलपायी मी मागच्या चौघांना ताटकळत ठेवलं होतं, त्याची चुटपुट अजून आहे. 2019 पासून बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावं, हे सोबत्यांशी सुरुवातीलाच ठरवून टाका. नुसता सराव म्हणून खेळत असाल तर पारच्या दुप्पट फटके झाल्यावर बॉल उचला आणि पुढच्या होलकडे चला. मागचे भरभर येत असतील तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या.

बॉल कुणाच्या दिशेने गेला तर त्याच क्षणी ‘फोर!’ असं जोरात ओरडायचं, लाजत पुटपुटायचं नाही. विजा चमकू लागल्या तर खेळ तिथेच थांबवून इमारतीत जायचं. झाडाखाली थांबायचं नाही.

बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघताना आपल्या पावलांवर रेक फिरवा, ग्रीनवरचा आपला पिच मार्क सारखा करा, जमल्यास शेजारचा एखादाही. होल संपला की स्कोअर तिथेच उभं राहून लिहू नका. पुढच्या टीवर (पुढचा होल सुरू होतो त्या जागी) जाऊन लिहा, मागे कुणीतरी फटक्यासाठी थांबलेलं असतं.