ट्रम्पेटचा टोन सुधारायचा तर आधी ट्रम्पेट खाली ठेवा

टोन पातळ येतो, चिरका येतो, वर गेलं की फाटतो, अशी तक्रार घेऊन फिरणाऱ्या मुलांना मुंबईत ठरलेले तीन सल्ले मिळतात. ओठ आवळ. जोर लाव. धोबी तलावला जाऊन नवा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचं ट्रम्पेटचं सुटं तोंड, घेऊन ये. मला हे आता ऐकवत नाही. ओठ आवळले की टोन आणखी बारीक होतो. जोर लावला की माउथपीसची गोल कड, म्हणजे रिम, ओठात रुतते आणि ओठ कंपायचेच थांबतात. आणि ट्रम्पेटसोबत येणारा साधा ७सी मापाचा माउथपीस शिकणाऱ्याला वर्षानुवर्षं पुरतो. टोन बिघडण्याचं मुख्य कारण मला वेगळंच दिसतं: फुंकण्याआधी सूर डोक्यात ऐकलेलाच नसतो.

ट्रम्पेट हातात असताना हे कळत नाही. जवळजवळ दीड मीटरची ती नळी स्वतःच्या ठरलेल्या सुरांवरच नीट बोलते. ओठ थोड्या वरच्या किंवा खालच्या सुरावर कंपले तरी ती त्यांना ओढून जवळच्या सुरावर बसवते. सूर बरोबर वाटतो, पण ओठ आणि नळी यांची ओढाताण चालू असते, आणि तीच पातळ टोन म्हणून ऐकू येते. नुसता माउथपीस असली मदत करत नाही. ओठ जे कंपतात तेच तो ऐकवतो.

तानपुऱ्याचं ॲप काळी पाचवर लावा. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर एकही पिस्टन न दाबता येणारा खालचा ‘सी’ म्हणजे पेटीची काळी पाच. तो सा धरलात की पिस्टन न दाबता पुढे प, तार सा आणि त्यावरचा ग असे सूर क्रमानं येतात. गाणं शिकलेल्या कानाला हे लगेच बसतं.

माउथपीस मागच्या टोकाजवळ अंगठा आणि दोन बोटांत धरा, मुठीत नको. एवढ्या हलक्या पकडीत जोर लावताच येत नाही.

आता सा मोठ्यानं गा. पुरुषांना प उंच पडला तर तो खालच्या सप्तकात गायलात तरी चालेल. पण गायचं म्हणजे गायचंच, मनातल्या मनात गुणगुणणं धरणार नाही.

पुढची पायरी अवघड आहे आणि मी स्वतः तिच्यावर फार काळ अडकून होतो. तानपुरा बंद करा, गाणं थांबवा, आणि सूर डोक्यात चालू ठेवून माउथपीस ओठांना लावा. लिहायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात रिम ओठांना टेकताक्षणी मन ओठांकडे धावतं: मध्यावर बसला का, कोपरे घट्ट आहेत का, कालची सूज उतरली का. तेवढ्यात सा निसटलेला असतो. मग बझ, म्हणजे नुसत्या माउथपीसमध्ये ओठ कंपवून काढलेला आवाज, भलत्याच सुरावर सुरू होतो आणि सरकत सरकत सा वर येतो.

ती सुरुवातीची घसरण ऐकायला शिका. ती ऐकू आली की तिथेच थांबा. फुंकता फुंकता सूर दुरुस्त करू नका, याबाबत मी कुणालाही सूट देत नाही. फुंकताना दुरुस्ती करायची सवय लागली की कान कायम ओठांच्या मागून धावतो आणि प्रत्येक सुराचं तोंड मळकट होतं. माउथपीस खाली घ्या, पुन्हा गा, पुन्हा ऐका, मग लावा. बझ पहिल्या क्षणापासून सा वर उभा राहिला, तरच तो मोजायचा.

सुराची फक्त उंची डोक्यात असून भागत नाही, त्याचा रंगही हवा. त्यासाठी एकच वादक निवडा आणि रोज ऐका. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट ऐका, किंवा शिकागो सिम्फनीत १९४८ पासून अर्धशतकाहून जास्त काळ पहिला ट्रम्पेट वाजवणारे अडॉल्फ हर्सेथ. दहा जणांचं थोडं थोडं ऐकलंत तर डोक्यात एकाचाही टोन राहत नाही. हर्सेथांच्याच ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ ट्यूबा हे खालच्या सुरांचं पितळी वाद्य वाजवणारे अर्नॉल्ड जेकब्स शिष्यांना हेच शिकवत: लक्ष गाण्यावर आणि वाहत्या श्वासावर ठेवा, स्नायू त्यांचं काम शोधून घेतात.

श्वास घेतानाही सूर ऐकू येत राहिला पाहिजे. छाती भरली की दम रोखून क्षणभर थांबू नका. तिथे घसा बंद होतो आणि पुढचा सूर धक्का खाऊन निघतो. श्वास आत आला की लगेच वळून बाहेर पडला पाहिजे.

शांत खोली मिळाली की बघू, असं म्हणत बसलात तर मुंबईत कधीच सुरुवात होणार नाही. शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, खालचे हॉर्न हे सगळं चालू असतानाच करा. हॉर्न वाजल्यावर मनातला सा त्याच्या सुराकडे झुकला, तर तो अजून पक्का नाही असं समजा. याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

सा उभा राहिला की सा ते प अशी मींड घ्या आणि त्याच श्वासात परत या. मध्ये कुठेतरी आवाज तुटेल. तिथेच तुम्ही ओठ आवळता. त्या जागी वेग कमी करा, हवा तशीच वाहू द्या.

लगेच माउथपीस ट्रम्पेटमध्ये बसवून तेच सा आणि प वाजवा, मध्यम आवाजात. टोन रुंद झालेला पहिल्याच सुरात कळतो. थोड्या वेळानं पुन्हा पातळ झाला तर परत माउथपीसवर जा.

एका बैठकीत पाच मिनिटांपेक्षा जास्त बझ नको. नळीचा विरोध नसल्यामुळे ओठ ती कसर स्वतः आवळून भरून काढतात, आणि लांबलेला बझ ओठ कडक करतो. काही शिक्षक बझ करूच देत नाहीत. तासभर जोरात केलेल्या बझबद्दल त्यांचं म्हणणं मला पटतं. माउथपीसच्या मागच्या भोकावर करंगळी अर्धवट ठेवलीत तर थोडा विरोध मिळतो आणि ओठ सैल राहतात. लग्नसराईत वरात वाजवून आलात तर त्या रात्री माउथपीसला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त खालचा सा, हळू आवाजात, आणि सूज असेल तर नुसतं गायचं.