अमेरिकेत सारखं घर बदलणाऱ्यांनी इमिग्रेशनचं टपाल कसं सांभाळायचं

ओपीटीवर (शिक्षण झाल्यावर अमेरिकेत मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी) नोकरी शोधताना थोडे दिवस मित्राकडे, मग प्रोजेक्ट मिळाला की दुसऱ्या राज्यात एअरबीएनबी, मग कोणाची तरी सबलीज (दुसऱ्या भाडेकरूकडून भाड्याने घेतलेली जागा), असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या नशिबी असतं. आणि नेमकं याच काळात ईएडी कार्ड (कामाचा परवाना), बायोमेट्रिक्सची म्हणजे बोटांचे ठसे द्यायला बोलावणारी नोटीस, आरएफई (आणखी पुरावे मागणारं पत्र), सगळं कागदावर पोस्टाने येतं.

तर पहिली गोष्ट, राहायचा पत्ता आणि टपालाचा पत्ता डोक्यात वेगळे करून टाका. आय-७६५ वर, म्हणजे ईएडीच्या अर्जावर, दोन्हींसाठी वेगळी जागा आहे, आणि मेलिंग अ‍ॅड्रेसमध्ये 'इन केअर ऑफ' असा रकाना आहे, तिथे ज्यांच्या घरी पत्र जाणार त्यांचं नाव टाकायचं. राहायच्या रकान्यात मात्र खरोखर जिथे राहताय तेच लिहा, तिथे हुशारी करायची नाही.

टपालासाठी पत्ता कोणाचा द्यायचा यावर जरा विचार करा. माझं मत, रूममेटचा नकोच, तो कितीही चांगला असला तरी, कारण तोही ओपीटीवर असेल तर तुमच्या आधी त्याचंच सामान गाडीत भरलेलं असेल. स्वतःचं घर घेऊन मुलाबाळांसकट स्थिरावलेलं कुटुंब बघा, लांबचे काका-मावशी, कॉलेजच्या सीनियरची ताई, कोणीही चालेल, फक्त रोज मेलबॉक्स उघडणारी माणसं हवीत. काही जणांकडे आठवडाभर पत्रं तशीच पडून असतात, त्यांना प्रेमाने टाळा. कोणीच नसेल तर पोस्टातला पीओ बॉक्स भाड्याने घेता येतो, पण तिथे फेडेक्स किंवा यूपीएसचं पार्सल येत नाही आणि वकील लोक कागद बहुतेक फेडेक्सनेच पाठवतात, तेव्हा त्यांना वेगळा पत्ता द्या.

आता मेलबॉक्स. बॉक्सवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन 'इथे हा माणूस राहत नाही' समजून पत्र परत पाठवू शकतो, आणि आपली नावं वडिलांच्या नावासकट लांबलचक, घरमालकाचं आडनाव वेगळं, मग त्याला शंका येणारच. अपार्टमेंटमध्ये पोस्टमन आपल्या किल्लीने बॉक्सेसचं अख्खं पॅनल उघडतो, म्हणून नावाची चिठ्ठी बाहेर नाही तर आतल्या बाजूला त्याला दिसेल अशी चिकटवायची, घरच्यांची नावं आणि खाली तुमचं, कार्डावर जसं येणार अगदी तसं. पत्ता लिहिताना अपार्टमेंट नंबर गाळू नका, निम्मे घोळ तिथेच होतात.

बरेच जण घर बदललं की यूएसपीएसच्या (अमेरिकेचं पोस्ट खातं) साइटवर चेंज ऑफ अ‍ॅड्रेस भरतात आणि निश्चिंत होतात. ते भराच, बँकेबिंकेच्या पत्रांना उपयोगी पडतं, पण यूएससीआयएसच्या (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं) पत्रांसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. त्यांच्या पाकिटावर 'रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड' छापलेलं असतं, म्हणजे माणूस सापडला नाही तर नव्या पत्त्यावर फॉरवर्ड न करता सरळ परत पाठवा.

म्हणून यूएससीआयएसला वेगळं कळवायचं. घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, फॉर्मचं नाव एआर-११, आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्यांच्या ऑनलाइन अकाउंटमधूनच हे काम आणि चालू केसचा पत्ता बदलायचं काम एकत्र होतं. अर्जाच्या पोचपावतीवरचा रिसीट नंबर हाताशी ठेवा आणि शेवटचं कन्फर्मेशन सेव्ह करा. इथे एक खाच आहे, राहायचा पत्ता बदलताना घाईत मेलिंगलाही तोच सबलीजचा पत्ता देऊन टाकू नका, नाहीतर वरची सगळी तयारी पाण्यात.

एका ऑफिसला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं इथे होत नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनी कॉलेजच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पण १० दिवसांत कळवायचं, ओपीटी सुरू असेल तर सेव्हिप या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर स्वतः बदलता येतं, पण त्याने आय-७६५ चा पत्ता बदलत नाही. वकील असेल तर त्याला, कंपनीच्या एचआरला, सगळ्यांना वेगवेगळं. आणि कोणाची केस इमिग्रेशन कोर्टात असेल तर त्यांचा फॉर्मच वेगळा, ईओआयआर-३३, मुदत ५ वर्किंग दिवस, तिथे नोटीस चुकली तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो. बायोमेट्रिक्सची तारीख चुकली तरी अर्ज सोडून दिला असं धरू शकतात, म्हणून केस स्टेटस दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा.

ज्यांच्याकडे पत्र येणार त्यांना यूएसपीएसचं इन्फॉर्म्ड डिलिव्हरी चालू करायला सांगा, फुकट आहे, येणाऱ्या पाकिटांचे फोटो रोज सकाळी ईमेलवर येतात. कार्ड मेल झालं की अकाउंटमध्ये ट्रॅकिंग नंबर दिसतो, तो लगेच त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा. आय-७६५ वरच सोशल सिक्युरिटी नंबर मागितला असेल तर ते कार्ड वेगळ्या पाकिटात आणि वेगळ्या दिवशी येतं, एक आलं म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष नको.

स्टेटस 'परत आलं' असं दिसलं तर थांबू नका. २०१८ पासूनचा नियम असा की परत आलेलं कार्ड ६० कामाच्या दिवसांत कोणी विचारलं नाही तर ते नष्ट करतात. साइटवर ई-रिक्वेस्टमध्ये 'कार्ड मिळालं नाही' असा पर्याय आहे, तिथे नीट पत्ता देऊन तक्रार टाका. 'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि बॉक्स रिकामा असेल तर आधी शेजारचे बॉक्स आणि पार्सल लॉकर बघायला सांगा, मग त्या भागाच्या पोस्ट ऑफिसात ट्रॅकिंग नंबर घेऊन जायचं, पोस्टमनने स्कॅन कुठे केला ते त्यांना जीपीएसवरून बघता येतं. फोनवर बसू नका, काउंटरवर माणूस उभा राहिला की काम लवकर हलतं.

कार्ड ताईकडे पोचलं की तिला पाकीट उघडून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवायला सांगा, नाव आणि जन्मतारीख तिथल्या तिथे तपासा. फोटोवर कंपनीचं आय-९ (नोकरीवर घेताना कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) होत नाही, ओरिजिनल लागतं, तेव्हा तिने ते सहीशिवाय हातात न देणाऱ्या सर्व्हिसने पाठवायचं, साध्या पाकिटात स्टँप लावून नाही.