पाठीवरच्या पराचे फोटो काढून डॉल्फिनची गणना

दिसले तेवढे मोजले तर आकडा चुकणारच. कळपातले थोडेच एका वेळी वर येतात आणि तोच डॉल्फिन पुन्हा पुन्हा दिसतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्या लहान समूहासाठी फोटोओळख, म्हणजे पराच्या फोटोवरून एकेक डॉल्फिन ओळखणं, हा चांगला मार्ग. पराच्या मागच्या कडेवरच्या खाचा वर्षानुवर्षं टिकतात. इतर डॉल्फिनच्या दातांचे ओरखडे कालांतराने पुसट होतात, त्यांच्यावर विसंबू नका. शेकड्यांच्या कळपांसाठी मात्र ठरलेल्या रेषांवरून बोट नेऊन अंतर आणि कोन नोंदवण्याची पद्धत घ्यावी. तिला निदान 60 ते 80 नोंदी लागतात.

आधी परवानगी काढा. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की त्या दिवशी काम नको. बोट कळपाला समांतर, सावकाश न्या. समोरून किंवा पाठीमागून जाऊ नका, नवजात पिल्लू दिसलं तर लांबच राहा. 100–400 मिमी लेन्स, शटर 1/1000 किंवा वेगवान, आणि पराला काटकोनात फोटो. खाचा असोत वा नसोत, प्रत्येकाचे फोटो काढा. बोटीपाशी येणाऱ्या धीट डॉल्फिनचेच फोटो वाढत जातात, हा इथला सगळ्यात मोठा धोका. एक कळप संपला की आकाशाचा एक फोटो घ्या, म्हणजे दोन कळपांचे फोटो मिसळत नाहीत.

अशा दोन फेऱ्या काही आठवड्यांच्या अंतराने करा. फार अंतर ठेवलं तर मध्ये जन्म, मृत्यू, स्थलांतर होतं. लगेच केल्या तर डॉल्फिन एकमेकांत मिसळलेले नसतात.

घरी आल्यावर आधी फोटोंचा दर्जा ठरवा: फोकस, कोन, प्रकाश. हे खाचांकडे न पाहता करायचं, नाहीतर ठळक खाच असलेला धूसर फोटोही आपण ठेवून घेतो. मग दोघांनी स्वतंत्रपणे जुळणी करावी आणि मतभेद एकत्र बसून सोडवावेत.

समजा पहिल्या फेरीत खाचांवरून 40 डॉल्फिन ओळखले, दुसऱ्यात 36, आणि दोन्हींत तेच 18. तर (40+1) × (36+1) ÷ (18+1) − 1 = सुमारे 79. पण हे फक्त खाचा असलेले. चांगल्या 400 फोटोंपैकी 260 मध्ये खाचा असतील, तर प्रमाण 0.65. 79 ला त्याने भागा: साधारण 121. खरा आकडा 95 टक्के खात्रीने अंदाजे 96 ते 154 मध्ये असेल. हा पल्ला अहवालातून कधीही वगळू नका.

एकही जुळणी नजरेतून सुटली तर 18 चे 17 होतात आणि अंदाज फुगतो. धीट प्राणी दोन्ही फेऱ्यांत सापडत राहिले तर उलट, अंदाज घटतो. म्हणून दोन्ही वेळा सगळा परिसर सारखाच पिंजून काढा. पुढच्या वर्षीही हेच मार्ग, हाच ऋतू.

संवर्धनात उपयोगी पडतो तो पल्ल्याचा खालचा भाग. अमेरिकेत माणसामुळे, उदाहरणार्थ जाळ्यांत अडकून, होणाऱ्या मृत्यूंची मर्यादा ठरवताना सावध किमान संख्या (खरी संख्या जिच्याहून जास्त असण्याची शक्यता 80 टक्के असते, इथे सुमारे 109) 0.02 ने (समूहाच्या कमाल वार्षिक वाढीच्या निम्म्याने) आणि, समूहाची स्थिती अज्ञात असेल तर, 0.5 ने गुणतात. उत्तर येतं 1.09. म्हणजे 121 च्या समूहाला नैसर्गिक मृत्यूंखेरीज वर्षाला जेमतेम एक मृत्यू झेपतो.