पेशीअंगकांचा अभ्यास : मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला आलेल्यांसाठी

कळव्याच्या मराठी शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन मी ठाण्यातील एका महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. तिथे ‘तंतुकणिका’ या पेशीअंगकाची (पेशीत ठरावीक काम करणाऱ्या सूक्ष्म भागाची) एकाएकी ‘मायटोकॉन्ड्रिया’ झाली आणि मी शाळेची वही माळ्यावर टाकली. ती मोठी चूक होती. मायटोकॉन्ड्रिया हा शब्द धागा आणि कण या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे, म्हणजे आपले मराठी नाव अर्थासकट तेच सांगते. लयकारिका (लायसोसोम) म्हटले की पेशीतील टाकाऊ भागांचा लय करण्याचे काम कळते, आंतर्द्रव्यजालिका (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम) म्हटले की पेशीद्रव्यातील जाळ्याची रचना डोळ्यांपुढे येते. गॉल्गी संकुलाच्या नावात मात्र असा आधार नाही, कारण ते शास्त्रज्ञ कॅमिलो गॉल्गी यांच्यावरून पडले. त्यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशींत ही रचना पाहिली. दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहीत जा.

पेशीअंगके बहुधा तक्त्यातून शिकवली जातात : एका रकान्यात नाव, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात कार्य. तो तक्ता मी तीनदा पाठ केला आणि तीनदा विसरलो. नौपाड्यातील अभ्यासिकेत बसून स्वादुपिंडात तयार होणाऱ्या एका पाचक विकराचा (एन्झाइमचा, म्हणजे एका प्रथिनाचा) प्रवास कागदावर काढला, तेव्हा विषय उलगडला. केंद्रकातील डीएनएवरून संदेशवाहक आरएनए बनतो आणि केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर पडतो. रायबोझोम हा प्रथिने बनवणारा कण त्यावरून प्रथिन जोडू लागतो आणि त्या प्रथिनाच्या आरंभीच्या तुकड्यावरच्या खुणेमुळे तो खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेला जाऊन चिकटतो. आत प्रथिनाला घडी पडते, मग ते सूक्ष्म पिशव्यांतून गॉल्गी संकुलात जाते, तिथे त्याची वर्गवारी होते आणि शेवटी स्रावकणिकांतून (स्राव साठवणाऱ्या पिशव्यांतून) ते पेशीबाहेर पडते. पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पॅलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ले वापरून हा मार्ग प्रत्यक्ष दाखवला : खूण केलेली प्रथिने आधी जालिकेत दिसली, सुमारे २० मिनिटांनी गॉल्गी संकुलाजवळ आणि सुमारे दोन तासांनी स्रावकणिकांत. पॅलाडे यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक अल्बर्ट क्लॉड आणि क्रिस्तियान द दूव्ह या पेशीशास्त्रज्ञांसह मिळाले.

याच मार्गाला लयकारिकांचा फाटा फुटतो. त्यांच्या विकरांवर गॉल्गी संकुलात मॅनोज-६-फॉस्फेट या शर्करेच्या रेणूची खूण उमटते. ती उमटली नाही, तर विकरे लयकारिकांत न पोहोचता पेशीबाहेर जातात. लयकारिका फुटल्या तर त्यांची विकरे स्वतःच्याच पेशीला पचवतील, म्हणून त्यांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात; पण एवढेच लिहून थांबणे मला अपुरे वाटते. लयकारिकेच्या आतील सामू (पीएच) सुमारे ५ आणि पेशीद्रव्याचा सुमारे ७.२ असल्याने एखादी लयकारिका फुटली, तरी तिची विकरे बाहेर फारशी काम करू शकत नाहीत. हे कारण उत्तरात आले पाहिजे.

तंतुकणिकेबद्दलही ‘ऊर्जाकेंद्र’ या शब्दाच्या पुढे जा. तिच्या आतल्या पटलावरच श्वसनसाखळीची (अन्नातील ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी करणारी) प्रथिने आणि एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू तयार करणारे विकर बसलेले असते. या पटलाला पडलेल्या घड्यांमुळे त्यांना जागा वाढते.

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यात पेशीभित्तिका आणि केंद्रक यांखेरीज काहीच दिसेना, तेव्हा सूक्ष्मदर्शक बिघडला असावा असे मला वाटले. प्रकाश सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत आणि रायबोझोम तर सुमारे २५ नॅनोमीटरचा असतो, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. माशांच्या टाकीत लावतात त्या हायड्रिला या पाणवनस्पतीचे एक पान पाण्याच्या थेंबात ठेवून पाहा. उजेडात थोडा वेळ गेला की हरितलवके पेशीच्या कडेकडेने सरकताना दिसू लागतात.