किनारी माशांचा डीएनए तपासताना या चुका टाळा

किनाऱ्यालगतच्या माशांच्या जनुकीय अभ्यासात सगळ्यात महाग पडणारी चूक प्रयोगशाळेत होत नाही. ती अहवालाच्या शेवटच्या पानावर होते: ‘समूहांत लक्षणीय जनुकीय फरक नाही, सबब हा एकच साठा धरावा.’ (साठा म्हणजे एकत्र मोजून ज्याला मासेमारीचा एकच कोटा लावतात तो माशांचा समूह.) या ‘सबब’वर भल्याभल्यांचा पाय घसरतो.

दोन समूहांतला फरक बहुधा एफएसटी या आकड्यात मांडतात. शून्य म्हणजे फरकच नाही, एक म्हणजे पूर्ण वेगळे. अळ्या प्रवाहाबरोबर दूर जातात आणि मासे संख्येने अफाट, त्यामुळे समुद्री माशांत हा आकडा ०.०१ च्या खाली असणं नेहमीचंच. आता या आकड्यावरून समूहांतली ये-जा काढायच्या नेहमीच्या सूत्रात ०.०१ घाला. दर पिढीला साधारण २५ मासे इकडून तिकडे जाऊन वीण करतात, असं उत्तर येतं. (सूत्रामागची गृहीतकं फार आदर्श आहेत, पण अंदाजाला पुरतं.) लाखो मासे असलेल्या खाडीत हे २५ पाहुणे जनुकं बरीचशी सारखी ठेवतात. मासेमारीने खाडी रिकामी झाली तर ती भरून काढणं मात्र त्यांच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे जनुकं सांगतात ‘जवळचे नातेवाईक’ आणि आपण वाचतो ‘एकच कुटुंब, एकच कोटा’. स्कागेराक (नॉर्वे आणि डेन्मार्कमधला समुद्र) किनाऱ्यावरच्या कॉड या माशामध्ये जवळजवळच्या फ्योर्डांतही (जमिनीत शिरलेल्या अरुंद खाड्यांतही) असा बारीक, पण खरा फरक सापडला आहे.

नमुने चुकीच्या वेळी घेणं

मासे खायला एकत्र येतात आणि विणीला वेगळे होतात. चरण्याच्या जागी जाळं टाकलं की दोन-तीन समूहांची सरमिसळ हाती लागते आणि फरक पुसट दिसतो. संशय कधी घ्यायचा? एकाच ठिकाणच्या नमुन्यात मिश्र जनुकजोड्या (आई-वडिलांकडून वेगवेगळी रूपं आलेल्या) अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या तर. मात्र मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, जे ओळखीची खूण म्हणून वापरतात) वापरले असतील तर काही रूपं चाचणीत उमटतच नाहीत, आणि तूट त्यामुळेही दिसते. सगळ्याच खुणांवर तूट असेल तर सरमिसळ, एखाद-दुसऱ्या खुणेवर असेल तर खुणेचा दोष, असं धरून पुढे तपासा.

विणीच्या जागी गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांच्या आसपास किनारी कॉड आणि बॅरंट्स समुद्रातून येणारा स्थलांतरी कॉड एकाच हंगामात जाळ्यात येतात. कानातल्या खड्याच्या आतल्या पहिल्या दोन वलयांचा आकार पाहून त्यांची वर्गवारी करता येते, म्हणून डीएनएसाठी घेतलेल्या पराच्या (माशाच्या कल्ल्याच्या) तुकड्यासोबत खडाही जपून ठेवा.

चुकीची खूण, चुकीचा अर्थ

प्रजाती ओळखायचा मायटोकॉन्ड्रियल बारकोड (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा ठरावीक तुकडा) एकाच प्रजातीतले समूह वेगळे करायला सहसा कामाचा नाही. उलट टोकाला हेरिंग मासा पाहा: बहुतेक जीनोम (सगळा डीएनए) जवळपास सारखा, पण खारेपणाशी आणि विणीच्या हंगामाशी जोडलेल्या मोजक्या जागांवर ठळक फरक. ‘सरासरी बिघडवतात’ म्हणून त्याच जागा गाळल्या, तर जपायचं तेच गाळलं. बाल्टिक समुद्रातल्या दिसायला सारख्या फ्लाउंडर माशांतून २०१८ मध्ये एक वेगळी प्रजाती जाहीर झाली. एकाची अंडी तरंगतात, दुसऱ्याची तळाशी बसतात.

आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे पीसीएच्या (जनुकीय साम्यानुसार नमुने जवळ-दूर मांडणाऱ्या पद्धतीच्या) आलेखात एका ओळीत तीन पुंजके दिसले की तीन समूह जाहीर करणं. आधी गुणसूत्रातला उलटलेला तुकडा तपासा. दोन्ही प्रती सरळ, एक सरळ एक उलटी, दोन्ही उलट्या असे तीन पुंजके एकाच समूहातही पडतात. कॉडमध्ये असे मोठे तुकडे आहेत.

जाळ्याच्या एकाच ओढीत मिळालेली पिल्लं भावंडं निघू शकतात, तेव्हा नात्यांची तपासणी करा. आणि एका ठिकाणचे सगळे नमुने एकाच बॅचमध्ये वाचू नका, नाहीतर यंत्राचा फरक माशांचा वाटतो.

मत्स्यबीज सोडण्याची घाई

मूठभर नर-माद्यांपासून लाखो पिल्लं करून सोडली की मोजणीत मासे वाढतात आणि जनुकीय विविधता मात्र घटू शकते, कारण पुढच्या पिढीत त्याच थोड्या पालकांचा वाटा फुगतो. बीज दूरच्या किनाऱ्यावरचं असेल तर स्थानिक पाण्याशी जुळलेली जनुकंही पातळ होतात. पालक त्याच पाण्यातले, भरपूर आणि दर हंगामाला बदललेले हवेत. पहिली खेप सोडण्याआधीच स्थानिक माशांच्या परांची कात्रणं ९५ टक्के अल्कोहोलमध्ये राखून ठेवा, फॉर्मेलिनमध्ये नको. ती नसतील तर नंतर तुलना करायला काही उरत नाही.