खाडीकाठची विहीर मचूळ होऊ नये म्हणून

नागाव-रेवदंड्याच्या वाड्या असोत, वसईची पट्टी असो, नाहीतर सावित्री-वाशिष्ठीच्या मुखाकडची सखल गावं. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड. वाळू-गाळाच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 फूट वर असेल, तर खाली साधारण 40 फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटा लावा. उपशामुळे पातळी 1 फूट उतरली आणि तशीच राहिली, तर खारं पाणी हळूहळू 40 फूट वर चढतं. म्हणूनच "पाणी कमी पडतंय, अजून खोल जाऊ" हा सल्ला किनाऱ्यावर विहीर घालवतो. काळ्या कातळात गणित इतकं सरळ चालत नाही. तिथे कुठली भेग खाडीला जाऊन मिळते यावर सगळं असतं, आणि ती वरून दिसत नाही.

त्यामुळे आधी मोजायला शिका. एक साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवणारं यंत्र) आणि लांब टेप पुरते. पंप रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी उपसा सुरू होण्याआधी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा. मग पाण्याचे दोन नमुने घ्या, एक वरचा, एक तळाचा. तळाच्या नमुन्यासाठी अरुंद तोंडाच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली खाली सोडा आणि तळाशी पोचल्यावर बूच ओढा. वर 200 आणि खाली 900 असा फरक दिसला, तर खारं पाणी विहिरीत शिरलेलं आहे, फक्त अजून मिसळलेलं नाही. गोड्या पाण्यात समुद्राचं पाणी 2 टक्के मिसळलं तरी टीडीएस सुमारे 700ने वाढतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 500पर्यंत पाणी चांगलं मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000पर्यंत चालवून घेतं. क्लोराइडसाठी हेच आकडे 250 आणि 1000 आहेत. एरवी महिन्यातून एकदा मोजलं तरी चालतं, पण फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला मोजा. श्रावणातला आकडा कुणाचाही चांगलाच येतो, त्यावर खूश होऊ नये.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दिवसभर पंप बंद ठेवून दर तासाला पातळी बघा, आणि अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पुन्हा बघा. भरतीबरोबर पाणी चढत-उतरत असेल तर विहिरीचं खाडीशी नातं आहे. तेवढ्याने ती खारी ठरत नाही, पण तिच्यावर मोठा पंप बसवणं सोडून द्यावं.

खरा बदल उपशात करायचा. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या खालच्या टोकाची झडप) तळाशी टेकवण्याची सवय सगळीकडे आहे आणि नुकसान तिथेच होतं. तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर राहील असा तरंगत्या कॅनला बांधा, नळी लवचीक घ्या. पातळी उतरेल तसा तोही उतरेल आणि वरचं गोडं पाणीच खेचेल. कॅन फार उतरून पंप हवा ओढू लागला, तर त्या दिवसाचा उपसा संपला असं समजा. 1 एचपीचा पंप सलग दोन तास चालवण्यापेक्षा अर्ध्या एचपीचा 20 मिनिटं चालवून तासभर थांबवा, आणि टाकी मोठी ठेवा. जोरात खेचलं की पंपाखालचं खारं पाणी शंकूसारखं वर उचललं जातं आणि पंप थांबल्यावर ते लगेच खाली बसत नाही.

सुपारीच्या पानांची टोकं करपू लागली की पाण्याकडे बघा. माड बराच खारटपणा सोसतो, सुपारी आणि आंब्याची कलमं सोसत नाहीत.

जांभ्यावरच्या गावांचं दुखणं वेगळं. तिथलं पाणी मुळातच हलकं, टीडीएस बऱ्याचदा 100च्या आसपास. अशा पाण्यावर आरओ बसवणं म्हणजे पैसे देऊन पाणी वाया घालवणं. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) खातं. नळातून तांबूस पाणी आलं की दोष विहिरीला देण्याआधी थेट विहिरीतलं पाणी बादलीत घेऊन बघा. जांभ्यातला खरा धोका मैल्याचा. त्याच्या भोकांतून सांडपाणी न गाळता धावतं. शोषखड्डा मातीत विहिरीपासून किमान 15 मीटर दूर लागतो, जांभ्यात त्याच्या दुप्पट ठेवा आणि उताराच्या खालच्या अंगाला.

टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, म्हणून पहिल्या पावसानंतर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायलाच हवं. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि मग 785ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी म्हणजे सुमारे 14,130 लिटर. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम या मापाने 35 ग्रॅम लागेल; पाणी गढूळ असेल तर दुप्पट. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, 10 मिनिटं चुना बसू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडा आणि खाली-वर हलवा. चुन्याचा साका विहिरीत ओतू नका. हे काम रात्री, दिवसाचा उपसा संपल्यावर करावं. किमान तासाभराने ओटी चाचणी (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी) घ्या, पिवळा रंग 10 सेकंदांच्या आत वाचा, लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम यायला हवा. काहीच रंग आला नाही तर बहुतेक वेळा पावडर मेलेली असते. कोकणातल्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर निकामी होते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यातच ठेवा.

पुनर्भरणाबद्दल एक स्पष्ट बोलायला हवं. जुलैत काठोकाठ भरलेल्या विहिरीत छपराचं पाणी सोडून काही साठत नाही, ते दोन दिवसांत खाडीला जातं. उपयोग होतो तो पाऊस ओसरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढ्यावर घातलेल्या वनराई बंधाऱ्याचा (माती भरलेल्या पोत्यांच्या तात्पुरत्या बांधाचा), कारण तेव्हा ओढा वाहता असतो आणि जमिनीत जागा झालेली असते. खारबंदिस्तीची (खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार, गळत असेल तर तीही याच सुमारास दुरुस्त करा. फळी कुजलेली असली की प्रत्येक उधाणाला खारं पाणी शेतात येऊन बसतं आणि आजूबाजूच्या विहिरींत मुरतं.

आणि खारी लागलेली बोअर नुसतं झाकण ठोकून सोडू नका. वरचं गोडं आणि खालचं खारं यांच्यामधला तो उघडा रस्ता असतो. तळापासून वरपर्यंत चिकण माती आणि सिमेंटचा रबडा भरून ती बुजवा, आणि पाइपने खालून भरत या. वरून ओतलं तर मध्येच अडकून खाली पोकळी राहते.